शिडावर चालताना पंखा मोकळा सोडायचा की अडकवायचा?

प्रश्न असा आहे: 34 फुटी शिडाची बोट, आत लहान डिझेल इंजिन, तीन पात्यांचा न मिटणारा प्रॉपेलर. इंजिन बंद करून शिडं भरली की प्रॉपेलर, म्हणजेच पंखा, आणि त्याचा दांडा (शाफ्ट) आपोआप फिरत राहतो आणि खालून रात्रभर घरघर येते. एक जण सांगतो, गीअर रिव्हर्समध्ये टाकून ठेव. दुसरा सांगतो, न्यूट्रललाच हात लावू नकोस. तिसऱ्याच्या मते मोकळा फिरणारा पंखा बोटीला जास्त मागे ओढतो. खरं कुणाचं?

थोडक्यात सांगतो, मग कारणं. वेगाच्या बाबतीत तिसरा चुकतोय. पहिला आणि दुसरा दोघंही बरोबर असू शकतात, कारण त्यांच्या बोटींत वेगवेगळे गीअरबॉक्स असतील. म्हणून पहिलं काम म्हणजे इंजिनखोलीत उतरून गीअरबॉक्सवरची पट्टी वाचणं. त्यावरचा मॉडेल नंबर कळेपर्यंत कुणाचाच सल्ला मानू नका, माझाही. एक गोष्ट मात्र कुठल्याही बॉक्सला लागू आहे: शिडावर पुढे जात असताना लिव्हर फॉरवर्डमध्ये ठेवून देऊ नका.

आधी वेगाचा वाद संपवू. मोकळा पंखा जास्त ओढतो असं म्हणणारे हेलिकॉप्टरचं उदाहरण देतात: इंजिन बंद पडलं की मोकळे फिरणारे रोटरच हेलिकॉप्टरला हळूहळू खाली आणतात, थांबलेल्या रोटरवर ते दगडासारखं पडेल. उदाहरण खरं आहे, पण इथे गैरलागू आहे. हेलिकॉप्टरची पाती लांब आणि अरुंद असतात आणि वैमानिक त्यांचा कोन जवळजवळ सपाट करून त्यांना प्रचंड वेगाने फिरू देतो. आपल्या पंख्याची पाती रुंद आणि आखूड, त्यांचा पिच (पात्यांचा तिरका कोन) जास्त आणि तो बदलता येत नाही. असा पंखा फिरू लागला की पाणी पात्याच्या पाठीवर थेट आपटण्याऐवजी त्याच्या कडेने सरकत जातं. थांबवलेला पंखा म्हणजे तीन आडव्या फळ्या पाण्यातून ओढत नेण्यासारखं आहे.

ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात याच्या रीतसर चाचण्या झाल्या आणि 2008 मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. निष्कर्ष स्पष्ट होता: अडकवलेला पंखा मोकळ्या पंख्यापेक्षा जास्त ओढतो आणि वाढत्या वेगाला हा फरक दुपटीपर्यंत गेला. त्याच चाचण्यांतली दुसरी गोष्ट लोक विसरतात. मोकळ्या पंख्याची ओढ शाफ्टला किती घर्षण आहे यावर बरीच अवलंबून असते. स्टफिंग बॉक्स (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारं, पॅकिंग भरलेलं सील) करकचून आवळलेला असेल, शाफ्ट रेषेत नसेल, तर ‘मोकळा’ पंखा नावापुरताच मोकळा असतो आणि त्याचा फायदा घटत जातो. बोट बाहेर काढलेली असताना न्यूट्रलमध्ये पंखा हाताने फिरवून पाहा. हाताच्या एका बोटाने फिरायला हवा. दोन्ही हात लागत असतील तर आधी तो दोष शोधा.

आकड्यांचा अंदाज हवा असेल तर ढोबळ हिशोब करू. 16 इंची पंख्याच्या वर्तुळातला निम्मा भाग पात्यांनी व्यापलाय असं धरलं, तर पात्यांचं क्षेत्रफळ साधारण 0.065 चौरस मीटर येतं. अडकवलेल्या पंख्यासाठी विरोधाचा गुणांक 1.2 च्या आसपास घेतात. 5 नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) त्याची ओढ 25 ते 27 किलोच्या वजनाइतकी होते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे 7 नॉटला ती जवळपास दुप्पट आणि अडीच नॉटला पाव. कमी वाऱ्यात ओढीचा आकडा लहान दिसतो, पण तेव्हा शिडांतून मिळणारा जोरही तुटपुंजा असतो, त्यामुळे मंद वाऱ्यातच पंखा सगळ्यात जास्त जाणवतो. तेव्हा प्रश्न अर्ध्या-पाऊण नॉटचा असतो आणि लांबच्या पल्ल्यात त्याचे तास होतात.

आता खरा मुद्दा, गीअरबॉक्स.

लहान डिझेलवर बहुतेक तीन प्रकारांपैकी एक असतो: शंकूच्या आकाराच्या क्लचचा यांत्रिक बॉक्स, एकावर एक चकत्या असलेल्या क्लचचा यांत्रिक बॉक्स, किंवा तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक. पहिले दोन बाहेरून सारखेच दिसतात, म्हणूनच घोळ होतो.

या यांत्रिक बॉक्समध्ये क्लचची पकड केवळ लिव्हरच्या जोरावर नसते. लिव्हर फक्त सुरुवात करून देतो. पुढे इंजिनच्या ओढीमुळे आतली तिरकी रचना क्लचला आणखी आवळत नेते, स्क्रू आवळल्यासारखी. आता शिडावर काय होतं ते पाहा. बोट पुढे चाललीय, पाणी पंख्याला फिरवतंय आणि ती दिशा इंजिनच्या फॉरवर्डचीच आहे. लिव्हर फॉरवर्डमध्ये असेल तर नेहमी इंजिन शाफ्टला ढकलतं, तिथे आता शाफ्ट इंजिनला ढकलू पाहतो. ओढ उलटी झाली, म्हणून आवळणारी रचना सैल सोडू लागते. क्लच धड धरतही नाही, धड सोडतही नाही, घासत राहतो. लिव्हर रिव्हर्समध्ये असेल तर चित्र वेगळं. इंजिनवर रिव्हर्स घेताना पाणी शाफ्टला ज्या दिशेने विरोध करतं, नेमक्या त्याच दिशेने ते शिडावर चालतानाही जोर लावतं. त्यामुळे क्लच नेहमीसारखाच आवळला जातो आणि शाफ्ट जागच्या जागी थांबतो. ‘रिव्हर्समध्ये टाक’ हा सल्ला आला तो इथून.

हर्थच्या, म्हणजे नंतर झेडएफ नावाने मिळू लागलेल्या यांत्रिक बॉक्सच्या पुस्तिकेत हेच लिहिलेलं आहे: शिडावर लिव्हर न्यूट्रलला ठेवा, शाफ्ट थांबवायचाच असेल तर प्रवासाच्या उलट दिशेचा गीअर वापरा आणि प्रवासाच्या दिशेचा कधीही नाही. यानमारचं म्हणणं याहून कडक आहे. इंजिन बंद करून शिडावर चालताना लिव्हर न्यूट्रललाच हवा, असं ते सांगतात. त्यांच्या लहान इंजिनांवरच्या केएम मालिकेत शंकूचा क्लच असतो, आणि शंकूला अर्धवट पकडीत घासलं जाणं अजिबात मानवत नाही. तुमच्या पट्टीवर केएम दिसलं तर तुमचा निर्णय झाला: न्यूट्रल.

घासलेला शंकू मी हातात घेऊन पाहिलाय. ओळखीतल्या एका बोटीची तक्रार होती की इंजिन पूर्ण जोर लावतं, फेऱ्यांचे आकडे चढतात, पण बोट तिथल्या तिथे. मालकाला पंखा लहान पडल्याची शंका होती. बॉक्स उघडला. चांगल्या शंकूवर बारीक खाचांची मंद, राखाडी झाक असते, नखाला खरखर लागते. हा शंकू आरशासारखा चमकत होता, नख फिरवलं तर काचेवरून घसरावं तसं घसरलं. तेल काळपट होतं आणि त्याला जळका वास होता. मालकाने पूर्ण हंगामभर, आवाज नको म्हणून, शिडावर लिव्हर फॉरवर्डमध्ये ठेवला होता. शाफ्ट थांबायचा, म्हणून त्याला वाटत होतं सगळं ठीक आहे. तो पूर्ण थांबत नव्हता. जोराची झुळूक आली की इंचभर सरकायचा, पुन्हा थांबायचा, आणि दर वेळी शंकूची थोडी चमक वाढायची. अशी चमक सुरुवातीलाच कळली तर खास पेस्ट लावून पृष्ठभाग पुन्हा खडबडीत करता येतो. उशिरा कळली तर शंकू आणि त्याची बैठक दोन्ही बदलावी लागतात.

घर्षणावर चालणाऱ्या या क्लचमध्ये ‘घसरण वाढवणारी’ कुठलीही मिश्रणं तेलात घालू नका. आणि तेल कुठलं ते नीट पाहा: काही बॉक्समध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गीअरबॉक्सचं तेल) लागतं, काहींत इंजिनचंच तेल. दोन्ही लाल-तपकिरीच्या छटांत सारखी वाटू शकतात, म्हणून डब्यावरच मार्करने बॉक्सचं नाव लिहून ठेवा.

रिव्हर्सची परवानगी असलेल्या बॉक्समध्येही एक अडचण येते. बोट सहा-सात नॉटला असताना पाण्याचा जोर क्लचला इतका आवळतो की लिव्हर न्यूट्रलला येतच नाही. ऐन वेळी, बंदराच्या तोंडाशी, इंजिन सुरू करायला जावं आणि लिव्हर हलू नये, यासारखी धांदल नाही. अशा वेळी लिव्हरवर लाथ घालू नका, केबल तुटते. बोटीचं तोंड वाऱ्यात घाला, शिडं फडफडू द्या, वेग दोन नॉटच्या खाली उतरू द्या. बहुतेक वेळा लिव्हर अलगद सुटतो. नाहीच सुटला, तर मागे मोकळं पाणी आहे आणि दोऱ्या आत आहेत हे पाहून इंजिन रिव्हर्समध्येच क्षणभर सुरू करावं लागतं, तेव्हा पकड सुटते. काही बोटींत न्यूट्रलशिवाय स्टार्टर चालतच नाही. तुमच्या बोटीत तसं असेल तर हा उपाय हाताशी नाही, हे आधीच लक्षात असू द्या.

उलट क्रमातही हीच काळजी. सात नॉटला शाफ्ट गरगर फिरत असताना लिव्हर खाडकन रिव्हर्समध्ये टाकला तर तो झटका क्लच, कपलिंग (शाफ्ट आणि बॉक्स यांना जोडणारा भाग) आणि इंजिनच्या माउंटिंगपर्यंत जातो. आधी वेग उतरवा, मग गीअर टाका. आणि रिव्हर्समध्ये ठेवल्यावर इंजिन हळूच उलटं फिरत नाही ना, हे पुढच्या पुलीकडे पाहून खात्री करा. थांबलेलं डिझेल उलटं फिरलं तर एक्झॉस्टकडचं पाणी आत ओढलं जाण्याची भीती असते.

हायड्रॉलिक बॉक्सची गोष्टच निराळी. त्यात क्लच दाबून धरणारं तेल पंपातून येतं आणि तो पंप इंजिनच्या बाजूने फिरतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, दाब शून्य. लिव्हर कुठेही ठेवा, शाफ्ट फिरायचा तो फिरणारच. इथे विचारायचा प्रश्न वेगळा: पंप बंद असताना फिरणाऱ्या बेअरिंगांना तेल कसं पोचतं? काही बॉक्समध्ये तळाच्या तेलात बुडणारे भागच ते शिंपडत राहतात आणि तेलाची पातळी बरोबर असेल तर चिंता नसते. काहींच्या पुस्तिकेत मात्र ठराविक तासांनी इंजिन थोडा वेळ चालवा किंवा शाफ्ट बाहेरून अडकवा, असं सांगितलेलं असतं. पुस्तिका हाताशी नसेल तर चार तास मोकळं चालल्यावर बॉक्सच्या अंगावर तळहात ठेवून पाहा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर शाफ्ट मोकळा सोडू नका.

मिटणाऱ्या पंख्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढे कधीतरी घ्याल म्हणून सांगतो, कारण तिथे लिव्हरची शिस्त वेगळी आहे. फोल्डिंग पंख्याची पाती फिरण्याच्या जोराने उघडतात आणि शाफ्ट थांबला की पाण्याच्या रेट्याने मिटतात. शाफ्ट फिरतच राहिला तर ती अर्धवट उघडीच राहतात. म्हणून शिडावर तीन-चार नॉटचा वेग आल्यावर इंजिन बंद करायचं, बॉक्स चालवून घेत असेल तर क्षणभर रिव्हर्समध्ये घालून शाफ्ट थांबवायचा, पाती मिटली की लिव्हर न्यूट्रलला. मिटलेला पंखा फिरत नाही. साध्या दोन पात्यांच्या फोल्डिंगमध्ये, जिथे पाती एकमेकांना दात्यांनी जोडलेली नसतात, शाफ्ट कसा थांबला हेही पाहावं लागतं: एक पातं वर आणि एक खाली आलं तर खालचं स्वतःच्या वजनाने लोंबत राहतं. बोट बाहेर असताना पाती आडवी करून आत शाफ्टवर रंगाची खूण करा आणि तीच खूण वर आणून थांबवत जा.

फेदरिंग पंख्याची पाती मिटत नाहीत, पाण्याच्या धारेशी समांतर वळतात. तिथे उलटं करायचं असतं: इंजिन अगदी मंद, लिव्हर फॉरवर्डमध्ये, बोट हळू, आणि तशाच स्थितीत इंजिन बंद. इंजिन थांबतं तसा शाफ्ट थांबतो आणि पाणी पात्यांना वळवून सरळ करतं. मग लिव्हर न्यूट्रलला आणा आणि शाफ्टकडे पाहा. स्थिर असेल तर काम झालं. फिरत असेल तर पाती वळलेली नाहीत, इंजिन सुरू करून पुन्हा करा. रिव्हर्समध्ये असताना इंजिन बंद केलं तर पाती उलट्या कोनातच अडकून राहू शकतात.

परत तुमच्या बोटीकडे. समजा पट्टीवरून कळलं की न्यूट्रलच ठेवायचा आहे. मग घरघरीचं काय? नीट राखलेला शाफ्ट मोकळा फिरताना मंद, एकसारखा आवाज करतो. तुम्ही म्हणता तशी झोप उडवणारी घरघर बहुतेक कटलेस बेअरिंगची असते. बाहेरून पितळेची नळी आणि आत खाचांचं रबर असं हे बेअरिंग पाण्यावरच चालतं. रबर झिजलं की शाफ्ट आत डुगडुगतो. बोट बाहेर काढल्यावर पंखा धरून वर-खाली हलवा. हाताला खट्ट असा धक्का जाणवला तर बेअरिंग बदला. आवाज दाबायला शाफ्ट अडकवणं म्हणजे दुखणं तसंच ठेवून वेदनाशामक घेणं.

आता एका गोष्टीकडे तुमचं खास लक्ष वेधतो. इंजिनावरचा तासांचा काटा फक्त इंजिन चालू असतानाच पुढे सरकतो. पण मोकळा शाफ्ट शिडावरच्या प्रत्येक तासाला फिरत असतो. वर्षात इंजिन 100 तास चाललं आणि बोट शिडावर 600 तास धावली, तर सील, कटलेस आणि बॉक्सची शाफ्टकडची बेअरिंगं जवळपास 700 तास फिरली. काटा 100 दाखवतो आणि आपण त्यावर विसंबून तेल बदलतो. मी लॉगबुकात शाफ्टच्या तासांसाठी वेगळा रकाना ठेवतो आणि सीलची तपासणी त्यावरून ठरवतो. जुन्या पद्धतीचा स्टफिंग बॉक्स असेल तर फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडले पाहिजेत. कोरडा पडला तर पॅकिंग तापतं आणि शाफ्टवर खाच पाडतं. रात्रीच्या पहाऱ्यात एकदा टॉर्च घेऊन खाली जा, थेंब मोजा, नळीला आणि बॉक्सला हात लावून पाहा. फिरत्या शाफ्टला नाही. त्यात शर्टाची बाही, गळ्यातली दोरी किंवा मोकळे केस अडकले तर ते सुटत नाहीत.

ओढीची दिशा हाही दुर्लक्षित मुद्दा. इंजिनवर पंखा शाफ्टला पुढे, बोटीत ढकलतो. शिडावर तोच पंखा शाफ्टला तासन्‌तास मागे खेचत असतो. कपलिंगचे स्क्रू सैल झाले तर शाफ्ट हळूहळू मागे सरकून सुकाणूवर आदळू शकतो, किंवा पूर्ण निघून जाऊन त्या भोकातून पाणी आत यायला लागतं. दोन भागांत येणारी, बोल्टने आवळायची एखादी कॉलर सीलच्या पुढे, बोटीच्या आत, शाफ्टवर घट्ट बसवून ठेवा. शाफ्ट सरकला तरी ती सीलपाशी अडते. कपलिंगचे स्क्रू तारेने बांधून घ्या, म्हणजे कंपनाने फिरत नाहीत.

ज्यांना थांबवलेलाच शाफ्ट हवा आणि बॉक्स परवानगी देत नाही, त्यांच्यासाठी शाफ्टवर वेगळा ब्रेक बसवता येतो: डिस्क आणि कॅलिपरचा, किंवा खाचेत खिट्टी पडणारा. लांब कणा असलेल्या, दोन पात्यांच्या पंख्याच्या जुन्या घाटाच्या बोटींत त्याचा खराच उपयोग आहे, कारण पाती उभी करून थांबवली की ती मागच्या जाड खांबाआड लपतात आणि ओढ फार कमी होते. तुमच्या तीन पात्यांना असं लपायला जागा नाही, त्यामुळे तुम्हाला ब्रेकचा फायदा फक्त शांततेचा. बसवलाच, तर ब्रेक लागलेला असताना इंजिन गीअरमध्ये पडू नये म्हणून स्टार्टरच्या बटणावर टांगायची लाल पट्टी ठेवा. दोरी गुंडाळून, लाकूड अडकवून किंवा पाना लावून फिरता शाफ्ट थांबवायला जाऊ नका. हात जातो.

इंजिन पुन्हा सुरू करतानाचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी दोन्ही बाजूंनी पाण्यात पाहतो, एकही दोरी लोंबत नाही ना. मोकळ्या फिरणाऱ्या पंख्याला दोरी गिळायला इंजिन लागत नाही. मग लिव्हर न्यूट्रलला असल्याची खात्री, इंजिन सुरू, मागून थंडाव्याचं पाणी बाहेर पडतंय हे पाहणं, वेग उतरवणं आणि त्यानंतर मंद इंजिनवर फॉरवर्ड.

बॉक्सने दोन्ही स्थितींना परवानगी दिली असेल तर स्वतः मोजून पाहा. वारा स्थिर असलेल्या दिवशी, एकाच दिशेला, शिडं न बदलता दहा मिनिटं न्यूट्रलमध्ये आणि दहा मिनिटं रिव्हर्समध्ये चालवा. मग परत न्यूट्रल, म्हणजे दरम्यान वारा बदलला असेल तर कळेल. तिन्ही वेळचा सरासरी वेग लिहा. आधी मंद वाऱ्यात करा आणि नंतर चांगल्या वाऱ्यात. मॉडेल नंबर आणि हे सहा आकडे मला कळवलेत तर तुमच्या शाफ्टला घर्षण किती आहे, याचाही अंदाज सांगता येईल.